पुलाला हात लावून यायचं

३ नोव्हेंबर १९९६, रविवार. निमगाव केतकी

मायक्रोस्कोप सुखरूप घरी आला. बारामतीपासून एसटीत मांडीवर घेऊन बसले होते, वरून आत्याचं जुनं लुगडं गुंडाळलं होतं. कंडक्टर म्हणाला, "ताई, बाळाचं तोंड तरी उघडं ठेवा." मी उघडं ठेवलं नाही, धुळीची भीती. तो काळजीने दोनदा मागे वळून बघून गेला.

मी बारामतीत काम करते त्या लॅबच्या डॉक्टर मॅडमनी हा जुना, आरशाचा मायक्रोस्कोप मला प्रयोगापुरता दिला आहे. त्यांनी विचारलं, "करुणा, नक्की काय शोधणार?" माझ्या तोंडून निघून गेलं, "अप्पा खरं बोलतात का ते." मग दिवसभर वाईट वाटत राहिलं. अप्पा खोटं बोलत नाहीत, प्रश्न तो नाहीच.

प्रश्न असा आहे. अप्पा, माझे वडील, कालव्यावर मुकादम होते, आता निवृत्त आहेत, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख पाठीची. मणके बसवायची कला त्यांना आजोबांकडून आली. रविवारी ओसरीवर माणसं येतात. अप्पा एकेकाला पालथं झोपवतात, अंगठ्याने मणका मणका चाचपत खाली येतात, एका जागी थांबतात, गप्पा मारत राहतात आणि माणूस बेसावध झाला की झटका देतात. कट्ट आवाज होतो. मग म्हणतात, "जा, पुलाला हात लावून ये." माणूस उठतो, कालव्याच्या पुलापर्यंत जातो, कठड्याला हात लावून परत येतो. संपलं. पैसा घ्यायचा नाही, हा आजोबांपासूनचा नेम.

आता अप्पांचं म्हणणं असं की पाठ मोकळी असेल तर ताप-खोकलाही धरत नाही. "पाट तुंबला तर टोकाच्या वावराला पाणी कुटनं जायचं? मणक्याचं बी तसंच हाय." लोक शपथेवर सांगतात की पाठ बसवल्यापासून सर्दी झाली नाही. मी रक्त तपासणारी बाई. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मला मोजता येतात. मग आधी आणि नंतर मोजून का बघू नये?

खरं कारण मात्र आत्या. तुळसा आत्याला सप्टेंबरात क्षय निघाला. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी तिला पोटात ढवळतं आणि जेवण बघवत नाही. संध्याकाळी अप्पा तिच्या पाठीवरून हात फिरवतात. मॅडमनी तिच्या मणक्याचा एक्स-रे बघून सांगितलंय, झटका नको, हलका हात चालेल. त्या हाताने तिच्या रक्तात थोडंसं जरी बळ येत असेल तर मला ते कळायला हवं.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, आत्यानेच वाढवलं. मी आकडे शाळेत नाही, तिच्या पाठीवर शिकले. ती पालथी पडायची, अप्पा माझं बोट धरून मानेखालच्या उंचवट्यापासून एकेक मणका मोजायला लावायचे. मी चुकले की आत्या खालून ओरडायची, "माजा एक मणका खाल्लास की गं भवाने!" आता तिचे मणके मोजायला बोट लागत नाही. झंपरातून दिसतात.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज सुरुवात. प्रत्येकाला नवी सुई. बोटातलं रक्त नळीत ओढायचं, जांभळ्या द्रवात मिसळायचं, काचेच्या चौकटीवर थेंब सोडायचा, उजेडाकडे आरसा फिरवायचा आणि मोजायचं.

पहिल्या शकुबाई. ऊसवाल्या घरच्या, कमरेने गांजलेल्या. टोचू का म्हटलं तर म्हणाल्या, "टोच बाई. पाचटानं हाताची चाळण झालीया, तुज्या सुईची काय मिजास." त्यांच्या पेशी आधी सात हजार होत्या. अप्पांनी पाठ बसवली, शकुबाई पुलाला हात लावून आल्या, टेकल्या, मी दुसरं बोट टोचलं. नऊ हजारांच्या वर.

नळी नीट हलवली नसेल म्हणून पुन्हा मोजलं. चौकट धुऊन पुन्हा मोजलं. तेच.

बाकीच्या पाच जणांचंही तसंच. मला आनंद झाला, आणि लगेच भीती वाटली. जे निघावं असं मला वाटत होतं नेमकं तेच निघतंय.

१८ नोव्हेंबर, सोमवार. जळोची, खोलीवर

मॅडमना आकड्यांचा कागद दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "गंमतच आहे. पण पेशी वाढल्या म्हणजे ताकद वाढली असं नव्हे हं. आणि कुणाला सांगत सुटू नकोस."

मी कुणाला सांगणार? फक्त अप्पांना सांगितलं होतं. आणि आत्याला, कारण ती शेजारीच बसली होती.

८ डिसेंबर, रविवार

अप्पांनी सगळ्या बाजाराला सांगितलं. मिरच्या घेत होते तिथे, केस कापायला बसले तिथे, एसटीच्या फाट्यावर. "आमच्या करुणानं मशिनीत घालून बघितलंय. पाठ मोकळी केली की रगतातलं सैन वाढतंय." ओसरीवर आज बसायला जागा नव्हती.

मी म्हटलं, "अप्पा, अजून पक्कं नाही."

"तू तीन-तीनदा मोजती, तरी पक्कं न्हाय?" म्हणाले. "तुज्या आज्ज्यानं आयुष्यभर सांगितलं, कुणी लिवून घेतलं न्हाय. तू लिवलंस." आणि आत तोंड धुवायला गेले. तोंड तर त्यांनी सकाळीच धुतलं होतं.



एक नवा माणूस आला होता. बुद्धभूषण, बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आहे, घर इथलंच, वेशीजवळ. "जयभीम अप्पा, पाठ धरलीय," म्हणाला. मायक्रोस्कोपकडे बराच वेळ बघत होता. दुधातली फॅट मोजतो, त्यामुळे मोजण्यातल्या चुकांबद्दल त्याला बरंच कळतं. मी माझ्या सगळ्या शंका त्याच्यापुढे मांडल्या. शांतपणे ऐकत होता, उठायची घाई नव्हती. पाठीचं दुखणं असं असतं, बसलं की उठवत नाही.

२९ डिसेंबर, रविवार

आत्या किती छान दिसत होती! मळमळ थांबली आहे. पिठलं-भाकरी पोटभर खाल्ली, वर ठेचा मागितला. म्हणाली, "दादाच्या हाताला गुण आला बघ."

मी विचारलं, गोळ्या वेळेवर घेतेस ना? जरा रागावलीच. "माज्या गोळ्यांचं मी बगते. तू तुजं मशीन बग." मला ओशाळल्यासारखं झालं. माझ्या काळजीचा तिला किती जाच होत असेल! आता सारखं विचारायचं नाही असं ठरवलं आहे.

बुद्धभूषण आजही आला. त्याचं दुखणं जुनाट दिसतं, दर रविवारी उलटतं.

१२ जानेवारी १९९७, रविवार

आत्याला सर्दी झाली आहे. खोकते. थंडी फार आहे म्हणाली. मी लोकरीचे पायमोजे आणले होते, ते तिने हातात घातले आणि बाहुल्यांसारखं नाचवून दाखवलं.

१९ जानेवारी, रविवार

आज मला माझी चूक सापडली. नीट लिहिते.

बुद्धभूषणच्या पेशी आधीच जास्त निघाल्या, पाठीला हात लावायच्या आत नऊ हजार. नंतर मोजल्या तरी जवळपास तेवढ्याच. मला वाटलं, कुठे जंतुसंसर्ग आहे की काय. त्याचा हात हातात घेतला तर नाडीही भरभर. मी म्हटलं, "तुम्ही एकदा डॉक्टरांना दाखवा." तो नुसता "हो हो" म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. तापाची कणकण असावी.

तो गेल्यावर आत्या मला म्हणाली, "त्याला कसला आलाय रोग? मी खिडकीतनं बगत हुते. दाराशी आला, मागं फिरला, पुलाकडं गेला. परत आला, परत गेला. तीन येरझाऱ्या घातल्या गड्यानं, मग जयभीम घातला." आणि पदर तोंडाला लावून हसत बसली.

पाठ दुखणारा माणूस उपचाराआधीच पुलापर्यंत तीनदा का जाईल, हे मला कळेना. आत्याला म्हटलं, "अगं, पुलाला नंतर जायचं असतं."

आणि बोलता बोलता थांबले. पुलाला नंतर जायचं असतं. प्रत्येक जण नंतर पुलाला जातो आणि मग मी रक्त घेते. चढावर पूल आहे. जाऊन-येऊन माणूस धापा टाकतो. श्रमाने पांढऱ्या पेशी तात्पुरत्या वाढतात, हे तर आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. लॅबमध्ये जिना चढून आलेल्या पेशंटला मी स्वतः बसवून ठेवते. इथे माझ्या डोक्यात आलंच नाही, कारण पुलाला जाणं ही काही गोष्ट आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. जन्मापासून बघतेय. पाठ बसवायची, पुलाला जायचं. मॅडमना दाखवलेल्या आकड्यांच्या कागदात पूल कुठेच नाही.

२६ जानेवारी, रविवार

अप्पांना विनंती केली, आज कुणाला पुलाला पाठवू नका. नाखूश झाले. "बापाचा रिवाज हाय त्यो." मी म्हटलं, एकच दिवस. शेवटी माझ्यासाठी कबूल झाले.

पाठ बसवली, माणसं जागेवर बसून राहिली, मी मोजलं. पेशी वाढल्या नाहीत. कुणाच्याच नाहीत.

मग बुद्धभूषणला पाठीला हात न लावता नुसतं पुलाला जाऊन यायला सांगितलं. वाढल्या. पुन्हा पाठवलं. अर्ध्या तासाने पुन्हा. पुन्हा वाढल्या. बिचारा काही न विचारता जात-येत राहिला. चौथ्यांदा मी पाठवलं नव्हतं, तरी गेला.

म्हणजे पेशी वाढवतो तो पूल. थोडा वेळ बसलं की त्या परत होत्या तेवढ्या.

अप्पांना सांगायला हवं. आज जमलं नाही. जेवताना ते कुणाला तरी सांगत होते, "माजी पोरगी सायंटिस्ट हाय."

२ फेब्रुवारी, रविवार

आजही सांगितलं नाही. भित्री आहे मी.

आत्याचा खोकला गेलेला नाही. पायमोजे हातातून काढत नाही, अंग गार असतं म्हणते. कपाळ मात्र गरम लागलं. तिच्याकडून बेडक्याची बाटली भरून घेतली आहे. उद्या लॅबमध्ये बघेन.

३ फेब्रुवारी, सोमवार. बारामती

निळ्या काचेवर लाल काड्या, क्षयाचे जंतू. मॅडमना बोलावलं. त्यांनीही बघितल्या आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

पाच महिने गोळ्या घेतलेल्या बाईच्या बेडक्यात या दिसायला नकोत. मॅडम म्हणाल्या, एक तर औषध लागू पडत नाही, नाही तर घेतलं जात नाही. आणि पुढे म्हणाल्या, अर्धवट सोडलेलं औषध पुन्हा लागू पडेलच असं नसतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार. निमगाव

सकाळच्या पहिल्या एसटीने आले. आत्या चुलीपुढे होती, अप्पा दारात दोरी वळत होते. मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"आत्या, गोळ्या घेतेस का?"

तिने भाकरी उलटली. "सोडल्या."

"कधी?"

"दिवाळी झाल्यावर. तू मोजलंस त्याच्या मागनं."

"का गं?"

"आता का म्हनून काय इचारतीस?" ती खरंच गोंधळली होती. "तूच म्हनालीस न्हवं, पाठ मोकळी केली की सैन वाढतंय? दादा रोज हात फिरवतोय. मग त्या ओकाऱ्या कशाला काढायच्या? तुला सांगितलं असतं तर तू काळजी करत बसली असतीस."

मी तिथेच खाली बसले. अप्पांच्या हातातली दोरी सुटली होती. मग मी दोघांसमोर सगळं सांगितलं. पूल, चढ, धाप, बसून मोजलं तर काहीच नाही. आत्याच्या बेडक्यात काल काय दिसलं तेही. चूक माझी, मी पूल मोजला नाही, हे तीन-चारदा म्हटलं असेन.

भाकरी करपली.

मग अप्पांनी विचारलं, "म्हंजी माज्या हातानं काय बी हुत न्हाय?"

"पाठ मोकळी होते अप्पा. दुखणं जातं. माणसं वाकत येतात, सरळ जातात, ते मी दर रविवारी बघते. पण क्षयाचे जंतू त्याने मरत नाहीत."

"मला त्याच्या हातानं झोप लागती," आत्या म्हणाली. "ते बी लिव."

अप्पा पुलाकडे बघत होते. "तुला ठावं हाय का करुणा, त्यो पूल कशापायी?"

मी म्हटलं, मणका जागेवर बसला का ते बघायला.

"ते म्या लोकांस्नी सांगतो. तुज्या आज्ज्याच्या काळात आपल्याकडं पाठ दाखवायला समदी यायची. कळ सोसवत न्हवती, तवा आमच्या बापाचा हात चालायचा. पर झटका दिल्यावर घसा सुकतोय, आन् आपल्या घरचं पानी कुनाला चालत न्हवतं. मग बा म्हनायचा, जा, पुलाकडं जाऊन या. तितं कालव्याचं पानी प्यायची मानसं. कुनाची लाज बी जायाची न्हाय, कुनाचा इटाळ बी व्हायचा न्हाय. त्यांची लाज राखली म्हाताऱ्यानं. आपली न्हाय राखली." पुढे म्हणाले, "छप्पन साली बा नागपूरला जाऊन आला, घरातले देव काढले. पूल तेवढा तसाच ऱ्हायला. म्या बी कवा इचार केला न्हाय."

मग उठले, आत्याच्या समोर जाऊन उकिडवे बसले. "तुळसे, बाजारात म्या बोंबलत फिरलो, पोरीनं न्हाय. तू ऐकलंस ते माजंच. आता म्या सांगतो. आधी गोळी, मग पाठ. गोळी गिळल्याबिगर हात लावायचा न्हाय."

"आन् ओकारी आली तर?"

"तर म्या मोरीपाशी बसतो तुज्याजवळ."

६ फेब्रुवारी, गुरुवार. जळोची

काल अप्पांनी आत्याला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर दोघांनाही खूप बोलले. नव्याने सगळं सुरू करायचं, आता इंजेक्शनंही आहेत. लागू पडेल की नाही हे दोन-अडीच महिन्यांनी कळेल.

मी रोज जंतू बघते, अनोळखी लोकांचे. हे पहिलेच आमच्या घरातले.

९ फेब्रुवारी, रविवार

अप्पांनी आज ओसरीवर सगळ्यांदेखत सांगितलं. "माजं बोलनं चुकलं. पाठ बसवली की पाठ बसती, बाकी कशावर विलाज न्हाय. ताप असंल, खोकला असंल तर दवाखाना. गोळ्या चालू असतील तर सोडायच्या न्हाईत. हे पोरीनं शोधलंय." एक-दोघं उठून गेले. मला वाटलं होतं अप्पांचा चेहरा पडेल, पण ते नेहमीसारखे शकुबाईंच्या कमरेकडे वळले.

कट्ट झालं. शकुबाई सवयीने उठून पुलाकडे निघाल्या.

"शकुबाई, पूल बंद," अप्पा म्हणाले. "बसा. च्या घ्या."

त्या घुटमळल्या. त्यांची सासूही याच ओसरीवर पालथी पडायची, असं त्याच मागे सांगत होत्या. आत्याच्या खोकल्यामुळे मीच चहा करून नेला, कप दोनदा विसळले. शकुबाईंनी माझ्याकडे बघितलं, अप्पांकडे बघितलं, कपाला तोंड लावलं.

"साखर कमी घातलीस गं. कारखाना आमचा, आन् हात तुजा आखडता."

अप्पा जोरात हसले. मी आत जाऊन साखरेचा डबाच आणला.

९ मार्च, रविवार

आत्या रोज ओकते, अप्पा रोज मोरीपाशी बसतात. ती गोळी तळहातावर घेऊन आधी त्यांना दाखवते, तोंड उघडून जीभही दाखवते, मग पालथी पडते. अप्पा हात फिरवता फिरवता कालव्यावरच्या गोष्टी सांगतात. तिचं घोरणं सुरू झाल्यावरही सांगत राहतात.

३० मार्च, रविवार

मायक्रोस्कोप लॅबला परत केला. प्रयोग संपला. तरी बुद्धभूषण आजही आला. अप्पांनी त्याची पाठ वरून खाली नीट चाचपली. तो गेल्यावर म्हणाले, "ह्या पोराच्या पाठीला काय बी झालेलं न्हाय. पैल्या दिवशी बी न्हवतं."

"मग तुम्ही सांगत का नाही त्याला?"

"येऊ दे की. च्या पितोय, जातोय."

आत्या भिंतीकडे तोंड करून हसत होती. या दोघांना अलीकडे कशाचंही हसू येतं. प्रयोग बंद झाला आहे हे त्याला मीच सांगायला हवं, पण दर वेळी राहून जातं.

१४ एप्रिल, सोमवार. निमगाव

जयंतीची सुट्टी. शनिवारी लॅबमध्ये आत्याची काच मीच तपासली. सगळे कोपरे बघितले, मॅडमना दाखवली, मग दुसरी काच केली आणि तीही बघितली. निळं, नुसतं निळं. एकही लाल काडी नाही. मॅडम म्हणाल्या, "औषध लागू पडलंय. पण पूर्ण करायचं, एक दिवस चुकवायचा नाही." मी म्हटलं, आमच्याकडे त्यासाठी माणूस बसवलाय.

काल घरी सांगितलं. अप्पा तोंड धुवायला गेले.

आज मिरवणुकीहून आल्यावर आत्याने पांढरं लुगडं बदललं, गोळी गिळली, जीभ दाखवली, पालथी पडली. अप्पा तिच्याकडे वळले तर म्हणाली, "आज तू ऱ्हाऊ दे दादा. पोरीला मोजू दे. लई दिस झालं."

मी मानेखालच्या उंचवट्यावर बोट ठेवलं आणि सुरुवात केली. एक, दोन, तीन सापडले. चौथ्याला बोट बुडालं. नोव्हेंबरात हे सगळे लांबून दिसायचे. आता वर मांस आहे, दाबून शोधावं लागतं. पुढचा पाचवा की सहावा ते कळेना. परत मानेपासून मोजलं. परत तिथेच अडले.

"किती भरले?" आत्याने खालून विचारलं.

"चुकतंय गं. एक कमी येतोय."

"खाल्लास भवाने," ती म्हणाली, आणि तिची पाठ माझ्या बोटांखाली हसण्याने हलायला लागली, त्यामुळे पुढे मोजताच आलं नाही.